विंगेतून पुढे आलेला हात

कॉलेजच्या पहिल्या वर्षात नाटकाच्या तालमीला जाणाऱ्या मुलाच्या हाती पहिल्या दिवशी भूमिका पडत नाही, झाडू पडतो. मग लेव्हल उचलायच्या, फ्लॅटला मागून टेकू लावायचा, प्रॉपर्टीची यादी करायची आणि प्रयोगाच्या दिवशी विंगेतल्या अंधारात उभे राहून दुसऱ्याची वाक्ये मनातल्या मनात म्हणायची. पुण्यात १९६३ साली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू झाली. तेव्हापासून मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी रंगभूमीची मुळाक्षरे अशीच गिरवली. घरच्यांना मात्र वाटत असते की, पोरगा अभ्यास सोडून फुकटची सुतारकी करतो आहे.

अशा मुलांना, आणि त्याहून अधिक त्यांच्या वडिलांना, सांगावी अशी एका माणसाची गोष्ट आहे. हा माणूस विद्यापीठाचे पहिले वर्षही धड पुरे करू शकला नाही. पंचविशी उलटल्यावर तो पुन्हा विद्यार्थी म्हणून बाकावर बसला आणि सत्ताविसाव्या वर्षी समुद्राच्या धक्क्यावरच्या एका मोडक्या कोठारात नाटक करायला शिकला. पुढे त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. अमेरिकेतला मानाचा पुलित्झर पुरस्कार त्याच्या नाटकांना चार वेळा मिळाला. त्याचे नाव युजीन ओ'नील.

ओ'नीलचा जन्म १६ ऑक्टोबर १८८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये, ब्रॉडवेवरच्या एका हॉटेलात झाला. घरात न होता हॉटेलात, कारण वडील नट होते आणि नटाला घर नसते, मुक्काम असतो. वडील जेम्स ओ'नील हे आयर्लंडमधून लहानपणी अमेरिकेत आलेले. दारिद्र्य इतके की, शाळेच्या वयात कारखान्यात राबावे लागले. तिथून ते रंगभूमीवर आले आणि शेक्सपियरच्या भूमिकांत असे चमकले की, त्या काळचा सर्वश्रेष्ठ नट एडविन बूथ याच्यासोबत त्यांनी 'ऑथेल्लो'त काम केले. मोठा नट होणार असे सगळ्यांना वाटत होते.

आणि मग १८८३ साली त्यांना 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' मिळाले. अलेक्झांडर द्यूमाच्या कादंबरीवरचे ते नाटक तुफान चालले. जेम्सनी त्याचे हक्क विकत घेतले आणि ते गावोगावी नेले. वर्षाला चाळीस-चाळीस हजार डॉलर मिळू लागले. प्रयोगांची संख्या चार हजारांच्या पुढे गेली. दुसरे काही करून पाहिले तर प्रेक्षक पाठ फिरवीत. त्यांना हवा असे तो मॉन्टे क्रिस्टोच! मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली, म्हणून मला हे त्याच भाषेत दिसते. ती एक मुदत ठेव होती. व्याज दर हंगामाला नेमाने हाती येत होते, पण मुद्दल अडकून पडले होते. आणि मुद्दल म्हणजे त्यांचे नटपण. दारिद्र्याची धास्ती घेतलेल्या त्या माणसाला ती ठेव मोडण्याचे धैर्य कधीच झाले नाही.

युजीनची पहिली सात वर्षे या नाटक कंपनीबरोबर आगगाडीत, हॉटेलांत आणि विंगेत गेली. नाटकात तुरुंगातला कैदी पोत्यात शिवून समुद्रात फेकला जातो, पोते फाडून खडकावर चढतो आणि जग आपले झाले म्हणून गर्जना करतो. प्रेक्षागृहातल्या लोकांना तिथे समुद्र दिसे. विंगेतल्या मुलाला दिसे ते हलवलेले कापड आणि बापाच्या अंगावर चिकटलेले मीठ व लाकडाचा भुसा. नाटकाची ती फसवेगिरी त्याच्या मनात बसली. पुढे कितीतरी वर्षे त्याला बापाच्या रंगभूमीचा तिटकारा होता.

घरात दुःखही होते. युजीनच्या आधीचे एक भावंड तान्हेपणीच गोवराने गेले. युजीनच्या वेळच्या बाळंतपणानंतर डॉक्टरने आईला वेदनांवर मॉर्फिन दिले आणि ते तिला चिकटले ते पुढची पंचवीस वर्षे. मुलाला हे वयात येताना कळले. आपल्या जन्मामुळे आई अशी झाली, हा सल त्याने जन्मभर बाळगला.

१९०६ साली जेम्सनी मुलाला प्रिन्स्टन विद्यापीठात घातले. आपल्याला जे शिक्षण मिळाले नाही ते पोराने घ्यावे, ही कुठल्याही बापाची असते तशी इच्छा. पोराने काय केले? वर्गाला दांड्या मारल्या. एका रात्रीच्या धिंगाण्यात रेल्वेच्या मालमत्तेवर दगड मारले आणि काही आठवड्यांसाठी निलंबित झाला. पहिले वर्ष संपता संपता त्याने विद्यापीठाला रामराम ठोकला. पण त्याच वर्षी, १९०७ मध्ये, न्यूयॉर्कला इब्सेनचे 'हेडा गाब्लर' लागले होते. ते त्याने लागोपाठ दहा रात्री पाहिले. ज्या मुलाची हजेरी वर्गात भरत नव्हती, त्याची नाट्यगृहात भरली. रंगमंचावर मीठ आणि भुसा न लावताही माणूस उभा राहू शकतो, हे त्याला पहिल्यांदा दिसले.

यानंतरची पाच वर्षे भरकटण्याची होती. घाईचे लग्न, ते टाकून होंडुरासच्या जंगलात सोन्याचा शोध, सोन्याऐवजी मलेरिया. मग १९१० मध्ये बोस्टनहून एका नॉर्वेजियन शिडाच्या जहाजावर बसून ब्युनोस आयर्स. तिथे धक्क्यावर उपासमार, परतीला मालवाहू बोट, न्यूयॉर्कच्या बंदरावरच्या गुत्त्याच्या वरची भाड्याची खोली आणि दारू. १९१२ च्या सुरुवातीला त्याने जीव द्यायचाही प्रयत्न केला. त्यातून उठवून बापाने त्याला आपल्या कंपनीत घेतले, 'मॉन्टे क्रिस्टो'त छोटे काम दिले. त्याने ते अत्यंत वाईट केले. वर्षअखेर क्षयाचे निदान झाले आणि २४ डिसेंबर १९१२ रोजी तो कनेक्टिकटमधल्या एका सॅनेटोरियममध्ये दाखल झाला.

सॅनेटोरियमच्या सक्तीच्या विश्रांतीत त्याने इब्सेन आणि स्ट्रिंडबर्ग वाचून काढले. सहा महिन्यांत बरा होऊन बाहेर पडला आणि नाटके लिहू लागला, एकामागून एक. १९१४ साली त्याच्या एकांकिकांचे पहिले पुस्तक निघाले. छपाईचा खर्च कोणी दिला? बापानेच. पुस्तक फारसे खपले नाही. त्याच साली शरद ऋतूत तो हार्वर्ड विद्यापीठात विशेष विद्यार्थी म्हणून बसला. त्या वर्षाची फीही बापाच्याच खिशातून गेली. प्रिन्स्टनचा अनुभव पदरी असताना, कंजूष म्हणून पोरगा ज्याला हिणवीत होता त्या माणसाने पुन्हा एकदा पैसे मोजले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हार्वर्डमध्ये जॉर्ज पिअर्स बेकर नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक नाट्यलेखनाचा वर्ग घेत. अभ्यासक्रमाचा क्रमांक सत्तेचाळीस. नुसते लिहून नाटक कळत नाही, ते उभे करून पाहावे लागते, असे बेकर यांचे मत होते. म्हणून त्यांनी वर्गाला जोडून एक कार्यशाळा काढली. विद्यापीठाकडे नाट्यगृह नव्हते. शेजारच्या मुलींच्या रॅडक्लिफ कॉलेजातला एक छोटा रंगमंच त्यांनी मिळवला. सेट विद्यार्थ्यांनीच बांधायचा, रंगवायचा, कपडे शिवायचे, दिवे लावायचे. प्रेक्षक निमंत्रित असत आणि त्यांच्यावर एक अट असे: घरी जाऊन आपले मत लिहून पाठवायचे. त्या मतांवरून लेखकाने नाटक पुन्हा लिहायचे. तिकिटाची किंमत म्हणून टीका घेणारा असा दुसरा नाट्यप्रयोग माझ्या तरी ऐकिवात नाही!

सव्विशीचा, समुद्रावरून आलेला ओ'नील या कोवळ्या पोरांत अबोल बसून राही. त्याची नाटके कार्यशाळेने केली नाहीत. मास्तरांचे सगळेच त्याला पटत नव्हते. तरीही एक गोष्ट त्याने तिथून उचलली. बेकर संवाद लिहू देण्याआधी आराखडा लिहायला लावीत: कोण कुठून येतो, कुठे बसतो, कशासाठी उठतो. ही शिस्त त्याने पुढे आयुष्यभर पाळली. तो हस्तलिखितात सेटचे नकाशेसुद्धा स्वतःच्या हाताने काढी: दार इथे, खिडकी तिथे, टेबल मध्ये. १९३५ साली बेकर वारले, तेव्हा जगप्रसिद्ध झालेल्या या विद्यार्थ्याने वर्तमानपत्रातून त्यांचे ऋण जाहीरपणे मान्य केले.

पण हात खऱ्या अर्थाने मळले ते हार्वर्डच्या बाहेर. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर प्रॉव्हिन्सटाउन नावाचे मासेमारीचे गाव आहे. उन्हाळ्यात तिथे न्यूयॉर्कचे लेखक, चित्रकार येऊन राहत. १९१५ साली त्यांतल्या काहींनी हौसेने नाटके करायला सुरुवात केली. म्होरके होते जॉर्ज क्रॅम कुक आणि त्यांची पत्नी, लेखिका सुसान ग्लास्पेल. एका धक्क्यावर मासळीचे जुने कोठार होते. ते त्यांनी झाडून काढले. त्यातला रंगमंच जेमतेम दहा फूट बाय बारा फूट, म्हणजे आपल्या चाळीतली एक खोली. पहिल्या उन्हाळ्यात चार माणसे हातात दिवे धरून विंगेत उभी राहिली आणि त्यांच्या शेजारी चार माणसे वाळू आणि फावडी घेऊन, आग लागली तर विझवायला. लाकडाच्या त्या कोठारात ही भीती खोटी नव्हती. पुढच्या वर्षी खरेच आग लागली, आणि तरीही मंडळींनी डागडुजी करून नाटके लावली.

१९१६ च्या जुलैत ओ'नील आपली बाडे घेऊन इथे पोचला. ग्लास्पेल यांच्या घरी त्याच्या 'बाउंड ईस्ट फॉर कार्डिफ' या एकांकिकेचे वाचन ठरले. वाचायला तो स्वतः बसला नाही. दुसऱ्याने वाचले आणि हा शेजारच्या खोलीत थांबून राहिला. वाचन संपले तेव्हा आपल्याला काय सापडले आहे, हे मंडळींना कळले.

२८ जुलैला प्रयोग झाला. जहाजाच्या पोटातल्या खलाशांच्या कोंदट खोलीत एक खलाशी मरणाला टेकला आहे. बाहेर धुके आहे, भोंगा वाजतो आहे, आणि त्याचा सोबती त्याच्याजवळ बसून आहे; एवढेच नाटक. मरणारा खलाशी कुक यांनी केला. ओ'नीलने स्वतः जहाजावरच्या अधिकाऱ्याचे एका वाक्याचे काम केले आणि त्या एका वाक्यालाही तो घाबरला होता. त्या रात्री खरोखरचे धुके आले. भरतीचे पाणी फळ्यांखाली आपटत होते, फटींतून तुषार वर येत होते, बंदरातली घंटा वाजत होती. बापाच्या नाटकात कापडाचा समुद्र हलवावा लागे. मुलाच्या नाटकात समुद्र आपल्या पायांनी विंगेत येऊन उभा राहिला.

त्याच साली ही मंडळी न्यूयॉर्कच्या मॅकडूगल स्ट्रीटवरच्या एका घरात गेली. नाट्यगृहाला नाटककारांचे नाट्यगृह असे नाव द्यावे, ही सूचना ओ'नीलची. नियम असा केला की, लेखकाने आपले नाटक आपल्याच देखरेखीखाली बसवायचे. याचा अर्थ लिहून मोकळे होणे नाही. खुर्ची कुठून आणायची, प्रवेश बदलताना ती कोण उचलणार, दिवा किती मिनिटांनी उतरवायचा, हेही लेखकालाच ठाऊक हवे. प्रिन्स्टनमध्ये न झालेले पहिले वर्ष ओ'नीलचे इथे झाले.

१९१६ च्या अखेरीस त्याची 'बिफोर ब्रेकफास्ट' ही एकांकिका बसत होती. रंगमंचावर एकच बाई आहे. स्वयंपाकघरात ती आतल्या नवऱ्याला सतत बोलते आहे. नवरा दिसतच नाही. दाढीसाठी गरम पाणी घ्यायला फक्त त्याचा हात दारातून पुढे येतो. हा हात ओ'नीलचा होता. तालमींना वृद्ध जेम्स आले. नटीने कुठे थांबावे, हात कसा उचलावा, हे ते आपल्या जुन्या पद्धतीने समजावू लागले. बापलेकांचे वाजले. मुलाने बापाचे ऐकले नाही. पण आपण विचार करावा: नाव मिळवलेला, सत्तरीला आलेला एक नट मुलाच्या छोट्याशा नाटकाच्या तालमीला जातो, ते काय फक्त हातवारे शिकवायला? आपल्याला जे येते ते पोराला द्यावे, एवढेच त्यांना हवे असणार. आणि पोराकडे बाहेर काढायला तेव्हा एक हातच होता. तोही त्याने बापापुढे केला नाही.

फेब्रुवारी १९२० मध्ये 'बियॉन्ड द होरायझन' ब्रॉडवेवर आले, तेही दुपारच्या प्रयोगांनी. घरातला प्रवेश, मग बाहेरचा, पुन्हा घरातला अशी त्याची रचना. सेट बदलायला वेळ लागे, प्रेक्षक कंटाळत. तरी नाटक उभे राहिले, एकशे अकरा प्रयोग झाले आणि पुलित्झर मिळाले. जेम्स बॉक्समध्ये बसून पाहत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. प्रयोगानंतर त्यांनी, लोकांना घरी पाठवून जीव द्यायला लावायचे आहे का, अशा अर्थाचा टोमणाही मारला. बापाचे प्रेम कधी कधी असेच बाहेर पडते. त्याच वर्षी १० ऑगस्टला ते गेले. जाण्यापूर्वी 'मॉन्टे क्रिस्टो'त आपण आपले नटपण वाया घालवले, याची खंत त्यांनी मुलाजवळ बोलून दाखवली होती.

त्यानंतर तीन महिन्यांत, १ नोव्हेंबर १९२० ला, 'एम्परर जोन्स' रंगमंचावर आले. मॅकडूगल स्ट्रीटवर जे चार वर्षे शिकले ते सगळे या नाटकात कामी आले. जंगलात पळणारा, भीतीने पछाडलेला एक माणूस आणि मागावर असलेला ढोल, एवढाच ऐवज. ढोल सुरू होतो मिनिटाला बहात्तर ठोक्यांनी, म्हणजे माणसाच्या नाडीच्या गतीने, आणि मग कळत नकळत वाढत जातो. बसलेल्या प्रेक्षकाची नाडी त्याच्याबरोबर पळू लागते. कुक यांनी संस्थेच्या गंगाजळीतले जवळजवळ सगळे पैसे ओतून रंगमंचामागे गिलाव्याची घुमटासारखी वळणदार भिंत बांधली होती. सपाट पडद्यावर दिवा टाकला की पडदा पडदाच दिसतो. वळणावर प्रकाश पसरतो आणि कडा नाहीशा होऊन आकाशाचा भास होतो. त्या एवढ्याशा रंगमंचाला अचानक क्षितिज मिळाले. प्रमुख भूमिकेत चार्ल्स गिल्पिन हा कृष्णवर्णी नट होता. गोऱ्या नटाच्या तोंडाला काळे फासायच्या त्या काळात ही गोष्टही साधी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिकीट खिडकीवर रांग लागली.

पुढची कीर्ती सर्वांना माहीत आहे. १९२६ मध्ये येल विद्यापीठाने पहिले वर्ष टाकून पळालेल्या या माणसाला सन्माननीय डॉक्टरेट दिली, प्रा. बेकर तेव्हा आपली कार्यशाळा घेऊन तिथेच गेले होते. नोबेल १९३६ चे. ते त्याला इस्पितळातल्या खाटेवर स्वीकारावे लागले. संसार मात्र कधी नीट जमला नाही. तीन लग्ने झाली आणि मुलांना तो वडील म्हणून लाभला नाही. मुलगी ऊना हिने अठराव्या वर्षी चार्ली चॅप्लिनशी लग्न केले, त्यानंतर त्याने तिचे तोंड पाहिले नाही. बाप म्हणून त्याच्या नावावर जेम्सपेक्षा पुष्कळ अधिक नावे-बाकी निघते.

आणि मग हात कापू लागले. मेंदूच्या एका विकाराने बोटांवरचा ताबा सुटत गेला. अक्षर बारीक होत होत मुंगीएवढे झाले. कोणी सुचवले, सांगून लिहवून घ्या. ते त्याला जमेना. नाटक त्याच्या हातातून येत होते, तोंडातून नव्हे. अशा हातांनी १९३९ ते १९४१ या काळात त्याने 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट' लिहिले. नाटकातला दिवस १९१२ सालच्या ऑगस्टमधला. घर त्यांचे स्वतःचे. कुटुंबातली माणसे चार: आई, बाप आणि दोन मुलगे.

शेवटच्या अंकात मध्यरात्री बाप आणि धाकटा मुलगा समोरासमोर बसले आहेत. बापाच्या कंजुषीवरून भांडण होते. चिडून बाप उठतो आणि वरचे तिन्ही बल्ब लावून टाकतो. होऊ दे खर्च! मग बोलता बोलता तो आपल्या आयुष्याची चूक कबूल करतो, पैशाच्या मागे लागून नटपण घालवल्याची. आणि बोलण्याच्या भरात पुन्हा उठून एकेक बल्ब विझवू लागतो. प्रकाशयोजनेची ही साधीशी सूचना आहे. कुठल्याही पहिल्या वर्षाच्या मुलाला डिमरवर बसवून शिकवता येईल अशी. पण त्या तीन बल्बांत बापाचे दारिद्र्य, भीती, पश्चात्ताप आणि सवय सगळे मावले आहे. जे मुलाला जेम्सना जिवंतपणी सांगता आले नाही, ते त्याने दिव्यांच्या बटणांनी सांगितले. नाटकाची जी हातचलाखी त्याने बापात नाकारली, तिच्यातूनच त्याने बापाला क्षमा केली, आणि बहुधा स्वतःलाही.

हस्तलिखित त्याने २२ जुलै १९४१ ला पत्नी कार्लोटा हिला लग्नाच्या वाढदिवसाला दिले. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे ते उघडू नये, अशी त्याची इच्छा होती. १९४३ नंतर लेखन थांबले. अखेरच्या दिवसांत अपुऱ्या नाटकांची बाडे त्याने पत्नीच्या मदतीने आगीत घातली. २७ नोव्हेंबर १९५३ रोजी बोस्टनच्या शेल्टन हॉटेलात तो वारला. जन्म हॉटेलात, मृत्यूही हॉटेलात. कार्लोटाने पंचवीस वर्षांची मुदत पाळली नाही, हे आपले भाग्य. १९५६ मध्ये स्टॉकहोमला ते नाटक झाले आणि पुढच्या वर्षी चौथे पुलित्झर त्याच्या पश्चात आले.

शेल्टन हॉटेल लौकरच बोस्टन विद्यापीठाने घेतले आणि तिथे विद्यार्थ्यांचे वसतिगृह केले. आज त्या इमारतीला किलाचंद हॉल म्हणतात. मुंबईतल्या जुन्या व्यापारी घराण्यातल्या एका माजी विद्यार्थ्याने विद्यापीठाला दिलेल्या मोठ्या देणगीमुळे ते नाव आले. ओ'नीलने जिथे डोळे मिटले तिथे आता दर वर्षी नवी मुले ट्रंका घेऊन येतात.

त्यांतला एखादा रात्री उशिरा खोलीवर परतत असेल. हाताला रंग लागलेला, नखाखाली भुसा, खिशात दोन खिळे. घरी फोन केल्यावर वडील विचारतील, अभ्यास कसा चालला आहे? काय सांगावे, हे त्याला सुचणार नाही. अशा वेळी वडिलांनी फार खोदून विचारू नये. जमले तर एखाद्या तालमीला जाऊन मागच्या रांगेत गप्प बसावे.